चार पोर्ट एकत्र बांधले, तरी वेग एकाच पोर्टाचा

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. तीन रात्री एकाच जागी अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे अ‍ॅनिमेशनचं काम चालतं. एक फाईल सर्व्हर आहे, लिनक्सवर, एनएफएस या पद्धतीने नेटवर्कवरून फाईली वाटतो. सहा रेंडर मशिनं, एक बॅकअप सर्व्हर आणि मधे एक मॅनेज्ड स्विच. सगळे पोर्ट १ गिगाबिटचे. रेंडर लावलं की सहाही मशिनं एकदम टेक्सचर ओढायला लागतात, सर्व्हरची एकुलती एक केबल तुडुंब भरते आणि मशिनांचे प्रोसेसर नुसते वाट बघत बसतात.

सर्व्हरच्या कार्डाला चार पोर्ट होते, त्यातले तीन रिकामेच. मग चारही स्विचला जोडले, सर्व्हरवर बाँड केला (चार पोर्ट मिळून एक), मोड ८०२.३एडी, म्हणजे लिंक जोडणीच्या मानकाचा ठेवला आणि स्विचवर त्याच चार पोर्टांचा एलएसीपीवाला गट केला (एलएसीपी म्हणजे दोन्ही टोकांनी आपसात बोलून गट ठरवायची पद्धत). बॅकअप सर्व्हरलाही तसंच. दोन्हीकडे चार-चार पोर्ट गटात आलेले दिसतात, तक्रार कुठेच नाही.

पण सर्व्हरवरून बॅकअपवर एक मोठी फाईल कॉपी केली तर सेकंदाला ११२ मेगाबाइट. पूर्वीही तेवढेच मिळायचे. आणि सहा मशिनांना एकदम वाचायला लावलं, तर सहांची बेरीज ९४० मेगाबिट. हेही पूर्वीइतकंच. स्विचवर आकडे बघितले तर सर्व्हरच्या चार पोर्टांपैकी एकच भरलेला, बाकी तिघांवर किरकोळ हालचाल.

पहिली गोष्ट एक वेळ समजू शकतो, एका कॉपीला एकच लिंक मिळते असं वाचलंय. दुसरी कशी? ही तर सहा वेगळी मशिनं आहेत.

दोरखंड

९४० बघून एक गोष्ट पक्की झाली: डिस्क निर्दोष आहे, केबलच भरतेय. १५०० बाइटचं पॅकेट वायरवर चढतं तेव्हा इथरनेटचं हेडर, चेकसम, आधीचा प्रिअँबल आणि दोन फ्रेममधलं (फ्रेम म्हणजे वायरवर चढलेलं पॅकेट) सक्तीचं अंतर धरून १५३८ बाइटची जागा खातं. त्यात टीसीपीचा खरा माल १४४८ बाइट. भागाकार करा, ९४.१ टक्के येतात. म्हणजे १ गिगाबिटच्या लिंकवर ९४१ च्या वर टीसीपी जाऊच शकत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. लिंक जोडणीच्या मानकात एक अट आहे: एका संभाषणातल्या फ्रेम ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पोचल्या पाहिजेत. चार लिंकवर फ्रेम आळीपाळीने टाकल्या तर एखादीवर रांग थोडी लांब असते, मागची फ्रेम पुढे जाते, टीसीपीला वाटतं मधली हरवली, तो ती पुन्हा मागवतो आणि वेग कमी करतो. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये असा आळीपाळीचा मोड आहे (मोड ०) आणि त्याचा त्रास नेमका हाच आहे. त्यामुळे ८०२.३एडीत फ्रेमचे पत्ते घेऊन त्यांचा हॅश (पत्त्यांवरून हिशेबाने निघणारा एक आकडा) काढतात आणि त्या हॅशवरून लिंक ठरते. पत्ते तेच तर हॅश तोच, हॅश तोच तर लिंक तीच. काउंटरच्या चार खिडक्या उघडल्या म्हणून एका माणसाचं काम चौपट लवकर होत नाही. चार माणसांची कामं मात्र एकदम होतात, तेही चौघं वेगवेगळ्या खिडक्यांवर गेले तर.

तुमची सहा माणसं एकाच खिडकीवर का गेली हे बघायचं तर दोन गोष्टी द्या. सर्व्हरच्या बाँडची हॅश पॉलिसी काय आहे, आणि सर्व्हरचा व सहाही मशिनांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कारखान्यातून आलेला पत्ता). पूर्ण नको, शेवटचे दोन अंक पुरेत.

रात्रपाळी

पॉलिसी मी काही लिहिलीच नव्हती. बाँडच्या स्टेटस फाईलमध्ये लेयर२ दिसतंय.

मॅकचे शेवटचे अंक: सर्व्हर १८. रेंडर मशिनं २सी, ४०, ६४, ८८, ए०, बीसी. सहाही मशिनं एकाच खेपेत घेतलेली, प्रत्येकात सर्व्हरसारखंच चार पोर्टांचं कार्ड आहे, पण वापरात फक्त पहिला पोर्ट.

दोरखंड

सापडलं. आणि हे उदाहरण इतकं सुरेख आहे की नव्या लोकांनी वहीत उतरवून ठेवावं.

लिनक्समध्ये काहीच सांगितलं नाही तर पॉलिसी लेयर२ असते. ती काय करते? पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मॅकचा शेवटचा बाइट घेते, त्यांचा आणि पॅकेटच्या प्रकाराचा एक्सॉर (बिट सारखे तर ०, वेगळे तर १) काढते आणि लिंकच्या संख्येने भागून बाकी बघते. लिंक चार, म्हणजे एक्सॉरचे फक्त शेवटचे दोन बिट कामाचे. बाकीचे सहा बिट काहीही असोत.

चार पोर्टांच्या कार्डाला कारखान्यात ओळीने चार मॅक मिळतात. तुमच्या कार्डांवर पहिल्या पोर्टाचा मॅक चाराच्या पटीत पडलाय. १८, २सी, ४०, ६४, ८८, ए०, बीसी, सगळे सोळाच्या पायात मोजून बघा, प्रत्येकाला चाराने नि:शेष भाग जातो. प्रत्येकाचे शेवटचे दोन बिट शून्य-शून्य. शून्याचा शून्याशी एक्सॉर शून्य. पॅकेटचा प्रकार सगळ्यांचा एकच. सहाही मशिनांची बाकी एकच येते, त्यामुळे सहाही एकाच लिंकवर. तुमच्या जोडणीत काहीही चुकलेलं नाही, हॅशला वेगळं काही दिसलंच नाही.

याचीच दुसरी बाजू: मशिनं राउटरच्या पलीकडे असती तरी हेच झालं असतं. तेव्हा सर्व्हरला प्रत्येक फ्रेमवर राउटरचाच मॅक लिहावा लागतो.

पॉलिसी लेयर२+३ करा. त्यात आयपी पत्तेही हॅशमध्ये येतात.

रात्रपाळी

दोरखंडभाऊ, हात जोडतो. रेंडर मशिनांचे आयपी ३१ ते ३६ असे ओळीने आहेत. लेयर२+३ केल्यावर दोन, दोन, एक, एक अशी वाटणी झाली आणि सहांची बेरीज ३.७ गिगाबिटवर गेली! तीन रात्रींनंतर चारही दिवे एकदम फडफडताना बघून खूप बरं वाटलं.

मग हुरूप आला म्हणून बॅकअपच्या मागे लागलो. एनएफएस माउंट करताना एनकनेक्ट ४ दिलं म्हणजे एका माउंटला चार टीसीपी जोडण्या मिळतात, असं वाचलं. ते दिलं, पॉलिसी लेयर३+४ केली म्हणजे पोर्ट क्रमांकही हॅशमध्ये येतील. सर्व्हरच्या बाजूला आता तीन लिंक हलताना दिसतात. पण कॉपी अजून ११२ वरच! तीन लिंकवरून स्विचपर्यंत माल जातोय आणि बेरीज एकाच लिंकची, हे कसं?

आडवाट

रात्रपाळी, सर्व्हरची पॉलिसी फक्त सर्व्हरकडून निघणाऱ्या फ्रेमची लिंक ठरवते. स्विचमध्ये शिरलेली फ्रेम बॅकअप सर्व्हरकडे कुठल्या लिंकने जाईल हे स्विच त्याच्या हॅशने ठरवतो. दोन टप्पे, दोन वेगळे निर्णय. तुमचा स्विच बहुतेक मॅकवरच चालतोय. सर्व्हर आणि बॅकअप यांची मॅकची जोडी एकच, म्हणून पलीकडच्या चार लिंकपैकी एकीवरच सगळा माल ओतला जातोय आणि तीच भरतेय.

हे परतीच्या दिशेलाही लागू आहे. रेंडर झालेली चित्रं मशिनांकडून सर्व्हरकडे लिहिली जातात तेव्हा सर्व्हरच्या चारपैकी कुठली लिंक वापरायची हे स्विच ठरवणार. सहांचं वाचणं सुधारलं, लिहिणं सुधारलंय का ते पाहा. माझ्या मते सुधारलं नसणार.

स्विचच्या मेनूत लोड बॅलन्स नावाखाली पर्याय असतात: मॅक, आयपी, आयपी आणि पोर्ट. बऱ्याच स्विचवर ही निवड अख्ख्या स्विचसाठी एकच असते, गटागणिक वेगळी करता येत नाही, तेव्हा बाकीचे गट डोळ्यांसमोर ठेवून बदला. साध्या स्विचवर पोर्टवाला पर्याय नसतोच, तिथे एक-ते-एक कॉपीची आशा सोडावी लागते.

रात्रपाळी

ताई, अगदी तसंच निघालं. स्विचवर मॅकच होतं, लिहिणंही एकाच लिंकवर अडकलेलं होतं. आयपी आणि पोर्टवाला पर्याय होता, तो निवडला. बॅकअपची कॉपी आता कधी २२०, कधी ३३० मेगाबाइट. पुन्हा माउंट केलं की आकडा बदलतो. चार जोडण्या, चार लिंक, तरी ४४० एकदाही नाही.

दोरखंड

चार जोडण्या चार वेगळ्या लिंकवर पडण्याची शक्यता काढून बघा. पहिली कुठेही, दुसरीला तीन मोकळ्या, तिसरीला दोन, चौथीला एक. २४ भागिले २५६, म्हणजे साधारण नऊ टक्के. दहातून नऊ वेळा कुठेतरी दोन जोडण्या एकाच लिंकवर येणारच, आणि एखादी लिंक रिकामी राहणार. सरासरी २.७ लिंक वापरात येतात. त्यात तुमचे टप्पे दोन, म्हणजे दोनदा नशीब.

एनकनेक्ट ८ करा, सरासरी ३.६ वर जाते. कमाल १६ चालतं. कर्नल ५.३ किंवा त्यापुढचा हवा, तो तुमच्याकडे आहेच, नाहीतर पर्याय लागला नसता.

लेयर३+४ ची एक बारीक खोट सांगून ठेवतो. पॅकेटचे तुकडे झाले तर तुकड्यांचा हॅश पोर्ट क्रमांक सोडून काढावा लागतो. मग एकाच संभाषणातली अखंड पॅकेटं एका लिंकवर आणि तुकडे दुसरीवर जाऊ शकतात, क्रम मोडू शकतो. म्हणून ही पॉलिसी मानकाला पूर्ण धरून नाही, असं बाँडिंगच्या दस्तऐवजातच लिहिलंय. टीसीपीवर चालणाऱ्या एनएफएसमध्ये तुकडे होत नाहीत, तुम्ही निर्धास्त वापरा. मोठ्या यूडीपी पॅकेटांचं काम असेल त्यांनी विचार करावा.

तीनशेसाठ_अंश

मधेच विचारतो, क्षमस्व. एवढी यातायात करण्यापेक्षा सर्व्हर आणि बॅकअपला १० गिगाबिटचं एकेक कार्ड टाकलं तर?

दोरखंड

एका प्रवाहाला वेग हवा असेल तर तेच योग्य. १० ची एक लिंक १ च्या चारांपेक्षा दर वेळी सरस, हॅश नाही, नशीब नाही, एकटी कॉपीही सुसाट. पोर्ट बांधावेत ते पुष्कळ जण एकदम वापरणारे असतील तेव्हा, किंवा एक केबल तुटली तरी काम थांबायला नको असेल तेव्हा. १० ची एक घेतल्यावरही दुसरी १० ची जोडून बांधतात ती या दुसऱ्या कारणासाठी. रात्रपाळींकडे कार्डं आणि पोर्ट हाताशी होते, त्यांनी केलं ते बरोबरच केलं.

जुना_खांब

धागा छान चाललाय. नव्या मंडळींचा नावांत गोंधळ होतो म्हणून थोडं मागचं लिहितो. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कल्पना याच नावाच्या कंपनीने इथरचॅनल म्हणून आणली. ती कंपनी १९९४ मध्ये सिस्कोने घेतली. सिस्कोची वाटाघाटीची स्वतःची पद्धत पीएजीपी. मग प्रत्येकाची वेगळी पद्धत, आणि एकाचा स्विच दुसऱ्याशी जोडायचा म्हणजे सगळं हाताने, दोन्हीकडे तंतोतंत. २००० मध्ये ८०२.३एडी मानक आलं, त्यातच एलएसीपी. २००८ मध्ये ते इथरनेटच्या मानकातून काढून ८०२.१एएक्स म्हणून वेगळं केलं, पण लिनक्सपासून सगळीकडे जुनंच नाव चिकटून राहिलंय. आणि ट्रंक या शब्दाला जपा. काही कंपन्यांच्या भाषेत ट्रंक म्हणजे बांधलेले पोर्ट, सिस्कोच्या भाषेत अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) वाहणारा पोर्ट. या एका शब्दाने रात्री अकरा वाजता फोनवर दोन जाणत्या माणसांचं भांडण झालेलं मी ऐकलंय.

आता मुद्द्याचं. रात्रपाळींनी एलएसीपी वापरलं, हे फार चांगलं केलं. दुसरा रस्ता स्टॅटिक, म्हणजे दोन्हीकडे हुकूम सोडायचा की हे पोर्ट एक समजा, समोरच्याला काही विचारायचं नाही. मी एकदा दोन स्विचमध्ये दोन केबल टाकल्या, अलीकडे स्टॅटिक गट केला, आणि पलीकडचा गट करायच्या आधीच केबल खोचल्या. पलीकडच्याला ते दोन सुटे पोर्ट. अलीकडच्या मशिनाने ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पॅकेट) केला की तो एका केबलने पलीकडे जाई, पलीकडचा स्विच तो दुसऱ्या केबलने परत पाठवी. अलीकडचा गटावर आलेली फ्रेम गटावर परत टाकत नाही, त्यामुळे गरगरणारं वादळ उठलं नाही. पण स्वतःच्याच मशिनाचा पत्ता त्याला पलीकडून आलेला दिसला, आणि तो त्या मशिनाची पॅकेटं पलीकडे पाठवायला लागला. मशिन बोललं की पत्ता जागेवर, ब्रॉडकास्ट परतला की पत्ता पलीकडे. लॉगमध्ये पत्ता या पोर्टावरून त्या पोर्टावर गेल्याच्या ओळी इतक्या वेगाने सरकत होत्या की वाचता येईनात. स्पॅनिंग ट्री (स्विचांमधले वेढे शोधून तोडणारी सोय) चालू होती, तिने हे पकडलं नाही, कारण अलीकडच्या बाजूला तिच्या दृष्टीने तो एकच पोर्ट होता.

एलएसीपी असता तर समोरून उत्तर येईपर्यंत गट झालाच नसता. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवू नका एवढं बघा, दोघंही समोरच्याने आधी बोलावं म्हणून गप्प बसतात. किमान एकीकडे अ‍ॅक्टिव्ह हवं.

शोधयात्री

जुना_खांब यांना दुजोरा. स्टॅटिकचा माझा अनुभव याहून वाईट आहे, कारण तो हळू होता.

दोन इमारती, मधे फायबरच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा), आणि स्विचपासून कन्व्हर्टरपर्यंत तांब्याची केबल. दोन्ही स्विचवर स्टॅटिक गट. एका सकाळी तक्रारी सुरू झाल्या. एका टेबलावरच्याला प्रिंटर सापडतो, शेजारच्याला नाही. एकाला मेल सर्व्हर लागतो पण फाईल सर्व्हर लागत नाही, दुसऱ्याचं बरोबर उलटं. मी स्वतः पिंग केलं, सगळं चालू. स्विचवर दोन्ही पोर्ट हिरवे, एरर शून्य. दुपारपर्यंत मी लोकांच्या मशिनांचे आयपी, फायरवॉल, ड्रायव्हर तपासत होतो.

संध्याकाळी कुणाचं कुणाशी बोलणं होतंय याचा तक्ता कागदावर मांडला, तेव्हा लक्षात आलं की जवळपास निम्म्या जोड्या पूर्ण बंद आहेत आणि उरलेल्या निम्म्या पूर्ण चालू. अधूनमधून जातंय-येतंय असं एकही नाही. दुसऱ्या जोडीचा फायबर मधेच तुटला होता. पण स्विचची केबल कन्व्हर्टरपर्यंतच, आणि कन्व्हर्टर जिवंत, म्हणून स्विचला लिंक शाबूत दिसत होती. ज्या पत्त्यांचा हॅश त्या लिंकवर पडे त्यांची पॅकेटं रोज पोचायची तशी आजही पोचतील म्हणून तो बिचारा दिवसभर खड्ड्यात टाकत होता. पूर्ण मेलेली लिंक बरी, ती गटातून बाहेर तरी पडते.

यावर इलाज एलएसीपीच. प्रत्येक लिंकवर दोन्हीकडून ठरावीक वेळाने हाका जातात. संथ गतीला ३० सेकंदांनी एक, आणि तीन हाका चुकल्या म्हणजे ९० सेकंदांनी लिंक बाहेर. जलद गतीला दर सेकंदाला एक, ३ सेकंदांत बाहेर. मुळात संथ असते. लिनक्सवर एलएसीपी रेट फास्ट लिहिलं तर त्याचा अर्थ, मला जलद हाका मारा अशी विनंती समोरच्याला जाते. आपण किती वेळाने मारायच्या ते समोरचा सांगतो. म्हणून दोन्हीकडे लिहा.

केबल सरळ उपटली गेली तर यातल्या कशाचीच वाट बघावी लागत नाही, लिंक गेल्याचं कार्डालाच कळतं. फक्त बाँडवर एमआयआयमॉन (लिंक किती मिलिसेकंदांनी तपासायची तो आकडा) १०० आहे ना हे बघा. ते शून्य असेल तर तपासणीच बंद.

आडवाट

शोधयात्री, तुमचा तक्ता फार उपयोगी आहे. निम्म्या जोड्या ठार बंद आणि निम्म्या ठणठणीत, हे दिसलं की आधी बांधलेल्या लिंककडे जावं.

जलद गतीबद्दल एक सावधगिरी. काही स्विचवर नियंत्रणाचा प्रोसेसर कामात गुंतला, किंवा चालू स्थितीत सॉफ्टवेअर बदलताना तो काही सेकंद थांबला, तर माल वाहणं सुरू असतं पण हाका थांबतात. तीन सेकंदांत सगळ्या लिंक एकदम गटाबाहेर. म्हणून स्विचचं अपग्रेड करण्याआधी ही गोष्ट तपासा.

आणि रात्रपाळी, तुम्ही वेगाबद्दल विचारलंत, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून बोलते. तुमच्या चारही केबल एकाच स्विचमध्ये आहेत. केबल तुटली, पोर्ट जळला, तर तुम्ही सुरक्षित. स्विचचा वीजपुरवठा गेला तर चारही एकदम गेल्या. स्विचच्या जाण्यापासून वाचायचं असेल तर केबल दोन स्विचमध्ये वाटाव्या लागतात, आणि दोन स्वतंत्र स्विच मिळून एलएसीपीचा एक गट होत नाही. त्यासाठी स्टॅकिंग हवं, किंवा सिस्कोचं व्हीपीसी, अरिस्ताचं एमलॅग असलं काही, ज्यात दोन स्विच आपसात बोलून सर्व्हरसमोर एकच असल्यासारखे उभे राहतात. त्यात त्या दोघांमधला दुवा तुटला तर दोघंही स्वतःला मुख्य समजू नयेत याची वेगळी व्यवस्था लागते, आणि ती चाचणी न करता सोडणारे लोक मी पाहिलेत.

हे काहीच नसेल तर लिनक्सचा मोड १ आहे. एक लिंक कामाला, दुसरी राखीव, दोन साध्या स्विचमध्ये. स्विचवर काही करावं लागत नाही. वेग एकाच लिंकचा, पण माझ्या मते बहुतेक छोट्या सर्व्हरांना हेच पुरतं.

आणखी एक. दोन लिंक बांधल्या, दोन्ही दिवसभर ७० टक्के भरलेल्या आहेत, आणि तुम्ही म्हणता आमच्याकडे एक लिंक गेली तरी चालतं. गेली तर उरलेल्या एकीवर १४० टक्के येणार. वेगासाठी मोजलेली लिंक राखीव म्हणून पुन्हा मोजता येत नाही. गटात चार असतील तर तीन लिंकवर काम भागतं का, हे बघा आणि मगच निश्चिंत व्हा.

शोधयात्री

+१. शेवटचा परिच्छेद आमच्या साहेबांना दाखवतो.

जुना_खांब

यातलं कुणाला कामी येईल म्हणून थोडक्यात. आयस्कझीचं (नेटवर्कवरून डिस्क देणारं) स्टोरेज असेल तर पोर्ट बांधू नका, मल्टिपाथ वापरा, त्याला स्वतंत्र वाटाच हव्या असतात. विंडोजच्या फाईल शेअरिंगला एसएमबी ३.० पासून मल्टिचॅनल आहे, तेही स्वतःच अनेक कार्डांवर माल वाटतं. व्हीएमवेअरच्या साध्या आभासी स्विचला एलएसीपी येत नाही, त्यासाठी डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. समोर एलएसीपी लावून गट का होत नाही म्हणून डोकं धरून बसलेले बरेच जण बघितलेत. आणि नेटवर्कवरून बूट होणारी मशिनं बूट होताना एलएसीपी बोलत नाहीत, तेव्हा समोरून हाक आली नाही तरी एक पोर्ट सुटा चालू ठेवण्याची सोय स्विचवर असेल तर ती लावा.

दोन स्विचमध्ये बांधत असाल तर शक्यतो दोन, चार, आठ असे पोर्ट घ्या. काही स्विच हॅशचे आठच कप्पे करतात. तीन लिंक असल्या तर वाटणी तीन-तीन-दोन अशी होते, कायमची.

रात्रपाळी

सगळ्यांचं वाचून आज रात्री रेंडर नसताना पुन्हा बसलो. काय केलं ते लिहितो.

रेंडर मशिनांना लेयर२+३ बरी होती आणि बॅकअपला लेयर३+४, पण सर्व्हरचा बाँड एकच. शेवटी लेयर३+४ कायम ठेवली आणि बॅकअपला व सहाही मशिनांना एनकनेक्ट ८ दिलं. सहा मशिनं एकदम वाचताना ३.५ ते ३.६ गिगाबिट, लिहिताना ३.४ च्या आसपास. लेयर२+३ ला वाचताना यापेक्षा किंचित जास्त मिळत होतं, ते सोडलं. बॅकअपची कॉपी आता बहुतेक वेळा ३३० मेगाबाइट, दोनदा ४०० च्या वर गेली.

मग कॉपी चालू ठेवून सर्व्हरची एक केबल उपटली. आकडा क्षणभर खाली गेला, मग तीन लिंकवर सुरू. परत लावली, काही सेकंदांत चौथी गटात आली. चारही केबलवर एकेक करून हेच केलं. तिसरी केबल काढली तेव्हा कळलं की लेबल चुकीचं होतं, ती बॅकअपची निघाली. आता सगळ्यांना दोन्ही टोकांना नवी लेबलं लावलीत.

शोधयात्रींचा प्रसंग डोक्यातून जात नव्हता. कपाटात मीडिया कन्व्हर्टरची एक जोडी पडून होती. एका लिंकच्या मधे ती जोडली, फायबर गेल्यावर तांब्याचीही लिंक पाडणारं जे छोटं बटण असतं ते दोन्ही कन्व्हर्टरवर बंद केलं, आणि फायबरच्या दोनपैकी सर्व्हरकडे येणारी एकच तार काढली. सर्व्हरच्या कार्डाचा दिवा हिरवाच. स्विचचाही हिरवाच. संथ गतीला दीड मिनिट त्या लिंकवरच्या जोडण्या अडकून राहिल्या, घड्याळ लावून मोजलं. दोन्हीकडे जलद केलं आणि पुन्हा काढली. तीन सेकंद, आणि बाँडच्या फाईलमध्ये ती लिंक गटाबाहेर. स्विचनेही ती सोडली होती, त्याला सर्व्हरच्या हाका नीट येत असूनही.

दोरखंड

कारण त्या हाकांतच लिहिलेलं असतं की मला तुझं काही ऐकू येत नाही, मी या लिंकवर घेणं थांबवलंय. प्रत्येक हाकेत स्वतःची स्थिती असते आणि समोरच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे तेही असतं. एकाच बाजूची तार गेली तरी दोघंही मागे सरतात ते म्हणून.

आडवाट

रात्रपाळी, दीड मिनिट आणि तीन सेकंद हे दोन्ही आकडे आणि आत्ताची हॅशची निवड स्विचच्या कपाटाच्या दारावर कागदावर लिहून चिकटवा. पुढच्या वेळी तिथे तुम्हीच असाल असं नाही.

रात्रपाळी

चिकटवला, ताई. शोधयात्रींचा निम्म्या जोड्यांचा तक्ताही त्याच कागदावर खाली काढलाय.